घाटमाथ्याचे देणे

नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने ओसरत जातो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास राहतो आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या घरात येतो. जिल्ह्यातली मोठी शहरे, कारखाने आणि बागायती बहुतांशी कमी पावसाच्या भागात आहेत. त्यांना लागणारे पाणी मात्र इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि दिंडोरी-कळवणच्या डोंगरांवरून येते. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करणाऱ्या पाड्यांची यादी काढली, तर तीत याच डोंगराळ तालुक्यांची नावे दर वर्षी असतात. धरणांचा तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इगतपुरीचेही नाव त्यात असते.

डोंगराळ प्रदेशातला निसर्ग सांभाळून तिथल्या माणसांचा विकास कसा साधायचा, हा प्रश्न जगाच्या विषयपत्रिकेवर येऊन तीन दशके उलटली. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या 'अजेंडा २१' या कार्यक्रमात पर्वतीय प्रदेशांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. २००२ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी पर्वतांचे वर्ष म्हणून पाळले. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतही डोंगरी परिसंस्थांचा वेगळा उल्लेख आहे. या काळात निसर्गाचे मोल रुपयांत मोजण्याच्या पद्धती तयार झाल्या, कायदे झाले, समित्या नेमल्या गेल्या आणि अनेक गावांनी आपापले प्रयोग केले. नाशिकच्या घाटमाथ्याला समोर ठेवून या सगळ्याचा आढावा घेतला, की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मोजमापाची साधने आता आपल्याकडे पुरेशी आहेत. डोंगरावरच्या गावाला मात्र त्या हिशेबात पक्षकार म्हणून अजून जागा मिळालेली नाही, आणि तिथेच सगळे अडले आहे.

डोंगर काय देतो

सह्याद्रीची मुख्य धार नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडून जाते. तिच्यातून पूर्वेकडे फाटे फुटतात. उत्तरेला सेलबारी-डोलबारीची रांग आहे, तिच्यातला साल्हेर १,५६७ मीटर उंचीचा. त्याच्या खाली सातमाळ्याची रांग, मग त्र्यंबक-अंजनेरीचे डोंगर आणि दक्षिणेच्या सीमेवर १,६४६ मीटरचे कळसूबाई, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर. पाणी या धारेवर दोन्हीकडे वाटले जाते. त्र्यंबकच्या एकाच डोंगरी मुलखात गोदावरी उगम पावून बंगालच्या उपसागराकडे निघते आणि वैतरणा अरबी समुद्राकडे. सुरगाणा-पेठच्या नार, पार आणि दमणगंगा गुजरातेत उतरतात. कळवण-सुरगाण्याच्या डोंगरात उगवणारी गिरणा खानदेशाकडे वळते.

पडलेला पाऊस डोंगर धरून कसा ठेवतो, हे समजल्याशिवाय त्याच्या मोलाचा अंदाज येत नाही. हे डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचे आहेत. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, त्यांतून पाणी जवळपास मुरत नाही. काही थर सच्छिद्र, फुटलेल्या, मांजऱ्या खडकाचे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी असते. माथ्यावरच्या गवताने, झुडपांनी आणि पालापाचोळ्याने अडवलेले पाणी भेगांतून मांजऱ्या थरात उतरते, खालच्या घट्ट थराशी अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाड्यावरची विहीर, गुरांचा पाणवठा, भाताच्या खाचराची ओल हे सारे त्या झऱ्यावर असते.

अशा थरांत साठा थोडाच मावतो. माथा उघडा पडला तर पाणी आत शिरण्याआधीच धावत सुटते. पायथ्याशी डोंगर पोखरला तर साठलेले पाणी लवकर निघून जाते. दोन्हीकडून मार बसला की डिसेंबरपर्यंत वाहणारा झरा नोव्हेंबरात आटतो आणि मार्चपर्यंत टिकणारी विहीर जानेवारीत तळ गाठते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात टँकर येण्याचे एक मोठे कारण या खडकांत आहे.

डोंगर दुसरी गोष्ट धरून ठेवतो ती म्हणजे माती. ती सुटली की काय होते याची नोंद गंगापूर धरणात आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेले हे मातीचे धरण नाशिक शहराचा मुख्य आधार आहे. त्याची मूळ साठवण सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचत जाऊन ती सुमारे ५,६०० दशलक्ष घनफुटांवर आली आहे. म्हणजे पाण्याची साडेचार कोटी घनमीटर जागा मातीने घेतली. नवे धरण बांधून तेवढी जागा मिळवायची म्हटले तर खर्च किती होईल, कोणाची जमीन बुडेल, हा हिशेब कोणताही अभियंता मांडू शकेल. झाडोऱ्याने झाकलेला उतार हे काम आजवर फुकट करत होता, म्हणून ते कोणत्याच अंदाजपत्रकात दिसले नाही.

याशिवाय मोहफुले, मध, करवंदे, रानभाज्या, जळण, चारा, औषधी मुळ्या आहेत. जिल्ह्याच्या लोकसंख्येत दर चार माणसांमागे एक आदिवासी आहे आणि घाटमाथ्यावर कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी या समाजांची वस्ती बहुसंख्य आहे. ज्या महिन्यांत कणगीतली नागली संपत येते त्या महिन्यांत रान त्यांचे घर चालवते. डोंगऱ्यादेवाचा उत्सव आणि वाघदेवाची पूजा करणारा हा समाज डोंगराला मालमत्ता मानत नाही, आणि हा संबंध कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

मोल मोजण्याचे मार्ग

निसर्गाच्या सेवांची किंमत काढण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केला. पृथ्वीवरच्या परिसंस्था वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरच्या सेवा देतात, असा त्यांचा अंदाज होता आणि तो तेव्हाच्या जागतिक उत्पन्नाहून मोठा होता. आकड्यावर टीका खूप झाली, पण त्यामुळे प्रश्न अर्थशास्त्राच्या दारात पोहोचला. २००५ चे सहस्रक परिसंस्था मूल्यमापन आणि २०१० च्या सुमारास पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखाली झालेला परिसंस्था आणि जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचा अभ्यास यांनी त्या प्रश्नाला शिस्त दिली. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी परिसंस्थांच्या हिशेबासाठी चौकट मान्य केली. भारताचे सांख्यिकी मंत्रालयही २०१८ पासून पर्यावरणाच्या हिशेबाची प्रकाशने काढते आहे.

पद्धती ढोबळमानाने चार आहेत. बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत थेट धरता येते, जसे मोहफूल किंवा मध. एखादी सेवा बंद पडली तर तिच्या जागी काही उभारायला किती खर्च येईल हे काढता येते. गंगापूरच्या गाळाचा हिशेब त्या जातीचा. एखाद्या सेवेमुळे टळलेले नुकसान मोजता येते. आणि लोक एखाद्या जागेसाठी किती पैसे मोजायला तयार आहेत, किंवा तिथे पोहोचायला किती खर्च करतात, यावरून अंदाज बांधता येतो. भंडारदरा-इगतपुरीला पावसाळ्यात उसळणाऱ्या गर्दीचा हिशेब या शेवटच्या रीतीने मांडता येईल.

टळलेल्या नुकसानाचे सगळ्यात बोलके उदाहरण नाशिकच्या कड्यांशी जोडलेले आहे. अंजनेरीच्या कातळकड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभरातली गिधाडे नव्वदच्या दशकात कोसळली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले आणि नुकसान वर्षाला जवळपास ७,००० कोटी डॉलरचे होते. त्र्यंबक तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे वन विभाग आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी सुरक्षित खाद्याची जागा चालवली. तिच्याकडे पक्षीप्रेमींची हौस म्हणून पाहणे या आकड्यांपुढे टिकत नाही. ते सार्वजनिक आरोग्याचेही काम आहे.

आपल्या देशात मोलाला कायद्याचे रूप मिळाले ते सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातून. जंगलाची जमीन इतर कामासाठी वळवायची तर त्या जंगलाच्या सेवांचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागेल, असे न्यायालयाने ठरवले. कांचन चोप्रा समितीने त्याची रीत सुचवली आणि २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपयांचे दर ठरले. २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. डोंगराळ उत्तराखंडने तर २०२१ मध्ये राज्याच्या उत्पन्नाबरोबर परिसंस्थेचे उत्पन्नही मोजण्याची घोषणा केली आणि २०२४ मध्ये त्याचा निर्देशांक जाहीर केला.

या पद्धतींची एक मोठी अडचण नाशिकमध्ये स्पष्ट दिसते. जंगलाचा दर वृक्षांच्या दाटीवर ठरतो. अंजनेरीच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, वर्षातले आठ महिने बोडका दिसतो. पावसाळ्यात त्याच कातळावर, बोटभर मातीत, गवताच्या आधाराने सेरोपेजिया अंजनेरिका ही छोटी वनस्पती उगवते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन नवी जात म्हणून केले आणि डोंगराचे नाव तिला दिले. कंदिलासारखी फुले येणाऱ्या या कुळातल्या अनेक जाती सह्याद्रीच्या सड्यांवर तगून आहेत आणि त्यांचा पसारा अत्यंत तोकडा आहे. वृक्षगणनेत ही जागा पडीक ठरते. मग तिथे खड्डे खोदून रोपे लावण्याची मोहीम निघते, किंवा रस्त्यासाठी ती सोयीची वाटते. डोंगरावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिकच्या निसर्ग अभ्यासकांनी त्याला विरोध केला, तो या सड्यासाठी आणि कड्यांवरच्या गिधाडांसाठी. मोजण्याची रीत जे पाहते तेवढेच वाचवले जाते, म्हणून सडे आणि माळराने यांची वेगळी वर्गवारी झाल्याशिवाय कोणताही दर त्यांना न्याय देणार नाही.

पैसे कोणाच्या हाती जातात

घाटमाथ्याच्या पाण्याचे वाटेकरी तीन आहेत. पहिली मुंबई. १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडकसागर, १९७३ चे ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ चे मध्य वैतरणा अशी धरणे याच डोंगररांगांचे पाणी साठवून महानगराकडे पाठवतात. त्यांतले ऊर्ध्व वैतरणा इगतपुरी-त्र्यंबक परिसरात आहे. दुसरा वाटेकरी नाशिक शहर आणि खालची बागायती: १९१६ चे दारणा, मग गंगापूर, काश्यपी, मुकणे, भावली, पालखेड, करंजवण. तिसरा वाटेकरी मराठवाडा. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. १५ ऑक्टोबरला मराठवाड्याच्या जायकवाडी धरणातला साठा ठरलेल्या पातळीखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हे तत्त्व उचलून धरले.

जायकवाडीचा हक्क रास्त आहे, यात शंका नाही. पण या वादात दोनच पक्ष दिसतात, धरणाच्या खालचे नाशिक-नगर आणि त्याहून खालचा मराठवाडा. धरणाच्या वरचा पाडा त्यात कुठेच नाही. खालच्याला पाणी मिळण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला. पाणी जिथे मुरते तो उतार राखणाऱ्याचे देणे कुठेही लिहिलेले नाही. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या त्यांनाही झगडावे लागले. काश्यपीच्या धरणग्रस्तांना नाशिक महापालिकेतल्या नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली.

पैशाची वाटही अशीच आहे. वनजमिनीच्या मूल्यापोटी भरलेली रक्कम २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्यानुसार ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे जाते. ज्या ग्रामसभेच्या हद्दीतले रान गेले तिला त्यातला वाटा हक्काने मिळत नाही. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाटणीत वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, पंधराव्याने तो १० टक्क्यांवर नेला. जंगल राखणाऱ्या राज्याला मोबदला मिळावा हे तत्त्व देशाने मान्य केले आहे. पण दिल्लीहून मुंबईपर्यंत आलेले हे तत्त्व मुंबईहून सुरगाण्यापर्यंत उतरत नाही.

डोंगरावरून पाण्याबरोबर माणसेही उतरतात. दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकमधली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जगायला जातात. गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर भल्या पहाटे जमणाऱ्या बायाबापड्या यांतल्याच. ज्या बागेत त्या छाटणी आणि विरळणी करतात तिला पाणी त्यांच्याच डोंगराचे असते आणि घरी परतल्यावर त्यांना विहिरीच्या तळाशी उतरून हंडा भरावा लागतो. त्र्यंबक तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जातात, ही छायाचित्रे राज्यभर गाजली. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात तो वाहून गेला. घाईने केलेल्या उपायाने डोंगराचे प्रश्न सुटत नाहीत, त्याच्या पाण्याचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

कायद्याचा आधार आणि रखडलेला निर्णय

घाटमाथ्यासाठी सरकारी प्रयत्न जुने आहेत. १९७४-७५ पासून पश्चिम घाट विकास कार्यक्रम राबवला गेला आणि महाराष्ट्रातही अनेक तालुक्यांना त्याचा निधी मिळाला. मृदसंधारण, वनीकरण, रस्ते अशी कामे त्यातून झाली. निसर्गाला केंद्रस्थानी ठेवून विकासाचे नियोजन करण्याचा खरा प्रस्ताव आला तो माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाकडून. २०१० मध्ये नेमलेल्या या गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सारा पश्चिम घाट संवेदनशील मानावा, त्याचे तीन श्रेणींत विभाग करावेत आणि कुठे काय करायचे याचा निर्णय ग्रामसभांपासून वर यावा, हे त्याचे सार होते. पुढे कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये नैसर्गिक आणि मानवी वापराचा असे दोन भाग पाडून सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील धरण्याची शिफारस केली.

त्यावर आधारित अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. त्यात संवेदनशील धरलेल्या सहा राज्यांतल्या सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटरपैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्राचे आहेत. खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर बंदी, सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना मनाई, वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना मज्जाव हे त्याचे मुख्य मुद्दे.

मसुद्यामागून मसुदे काढण्याच्या या चालढकलीची किंमत माणसांनी मोजली आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक जीव गेले. २०२१ मध्ये रायगडचे तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे होत असताना, वायनाडमध्ये गावेच्या गावे वाहून गेली. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी.

नाशिकमध्ये हे संकट मंद पावलांनी येते आहे. २०२१ च्या सुमारास गोदावरीच्या उगमाचा डोंगर असलेल्या ब्रह्मगिरीच्या परिसरात डोंगरांच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननावरून ब्रह्मगिरी बचावची चळवळ उभी राहिली. सारुळ-बेळगाव ढगा भागातल्या संतोषा आणि भागडी डोंगरांसाठीही लोक रस्त्यावर आले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. इगतपुरी-त्र्यंबककडच्या टेकड्यांवर फार्महाऊसचे प्लॉट आणि रिसॉर्टसाठी सपाटीकरण चालले आहे. माथ्यावर फिरणारा प्रत्येक जेसीबी कुठल्या तरी झऱ्याच्या वाटेवर फिरतो, हे परवानगी देणाऱ्याच्या नकाशात दिसत नाही, कारण झऱ्यांचा नकाशाच त्याच्यासमोर नसतो.

या अधिसूचनेला असलेला गावांचा विरोधही समजून घेतला पाहिजे. संवेदनशील म्हटले की घर बांधता येणार नाही, रस्ता होणार नाही, वनखाते दारात येऊन बसेल, अशी भीती पाड्यापाड्यांत आहे. ही भीती अनुभवातून आलेली आहे. पिढ्यानपिढ्या कसलेल्या वनजमिनीचे दावे ज्यांना वर्षानुवर्षे लढवावे लागले, त्यांना संरक्षण या शब्दावर विश्वास ठेवायला सांगण्यापूर्वी आधी त्यांचा हक्क त्यांच्या हाती दिला पाहिजे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकरी मोर्च्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. रक्ताळलेल्या पायांनी मुंबईत पोहोचलेल्या त्या माणसांना घाटमाथा सांभाळण्याच्या योजनेत पहिले स्थान असायला हवे.

गावांनी करून दाखवलेले

जिथे गाव आणि शासन एकत्र आले तिथे फळ दिसले आहे. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, राज्यातले हे असे पहिलेच क्षेत्र. नाशिकच्या निसर्ग संरक्षण संस्थेने पायथ्याच्या गावांना सोबत घेऊन कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, वणवे रोखले आणि उजाड उतारावर पुन्हा रान उभे राहिले. मोठा खर्च लागला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढणे, वणवा दिसताच फांद्यांनी झोडपून विझवायला धावणे, एवढ्या साध्या कामांनी ते घडले. अंजनेरीलाही नंतर हा दर्जा मिळाला. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर 'आपलं पर्यावरण' संस्थेने २०१५ पासून देशी झाडांची देवराई वाढवली.

शेतीच्या अंगाने 'बाएफ' या संस्थेची वाडी योजना महत्त्वाची ठरली. गुजरातेतल्या वांसद्यात १९८२ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रयोग सीमेपलीकडच्या पेठ-सुरगाण्यात रुजला. एकरभर उतारावर आंबा-काजूची कलमे, कडेने जळण-चाऱ्याची झाडे, मधल्या ओळींत नागली किंवा भाजी. उतार झाकला गेला, माती थांबली आणि घराला नगद उत्पन्न आले, म्हणून जगायला जाण्याचे महिने कमी झाले. याच भागातल्या बोरगाव परिसरात आता स्ट्रॉबेरी होते. तिने पैसा आणला, पण हिवाळ्यात पाणी आणि औषधे दोन्ही मागणारे हे पीक झऱ्यांच्या कुवतीत ठेवावे लागेल.

सगळ्यात मोठी शक्यता २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळालेली ग्रामसभा आपले जंगल राखू शकते, त्याचा आराखडा करू शकते, त्यावर नियम घालू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये हा हक्क मिळवून बांबूच्या विक्रीतून गावाचा कारभार उभा केला. नाशिकच्या डोंगरी तालुक्यांत गडचिरोलीसारखा बांबू नाही. इथले मुख्य वनोपज पाणी आहे. ते विकता येत नाही आणि विकूही नये, पण ते राखण्याचे काम मोबदल्यास पात्र आहे.

त्याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प टाळून कॅट्सकिल डोंगरांतल्या गावांशी करार केला आणि त्याहून फार कमी पैशात पाणलोट राखला. कोस्टारिकाने १९९७ पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे दिले. हिमाचलातल्या पालमपूर नगरपरिषदेने २०१० मध्ये बोहल झऱ्याचा पाणलोट राखणाऱ्या गावांशी करार करून वार्षिक रक्कम देण्याचे मान्य केले. रक्कम छोटी होती, पण शहराने गावाचे देणे कागदावर कबूल केले. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास कार्यक्रमात झऱ्यांचे भूशास्त्र अभ्यासून योग्य जागी चर खोदले आणि आटलेले झरे जिवंत केले.

पुढची पावले

या आढाव्यातून नाशिकपुरती पाच कामे निश्चित दिसतात.

पहिले, झऱ्यांची गावनिहाय नोंदवही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूशास्त्रज्ञांनी पाड्यातल्या तरुणांना हाताशी धरून प्रत्येक झऱ्याचे स्थान, महिनावार पाणी आणि त्याचे मुरण्याचे क्षेत्र नोंदवावे. मुरण्याच्या क्षेत्रात सपाटीकरण आणि उत्खनन होऊ नये, हा नियम विकास आराखड्यात यावा. संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना केव्हाही येवो, हे जिल्हा पातळीवर आजही करता येईल.

दुसरे, पाणलोटाचा वाटा. नाशिक महापालिका, मुंबई महापालिका आणि औद्योगिक वसाहती पाण्यासाठी जे आकारतात त्यातला ठरावीक हिस्सा धरणांच्या वरच्या ग्रामसभांकडे जावा, लेखी करारानुसार आणि ग्रामसभेच्या खात्यात. मोबदला प्रत्यक्ष कामाशी जोडलेला असावा: वणवे रोखणे, चराईचे नियम, चर आणि बांधांची दुरुस्ती. हा पैसा दोन-चार पुढाऱ्यांच्या हाती अडकू नये यासाठी हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. धरणाच्या वरच्या पाड्याला पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क याच करारात लिहिला जावा.

तिसरे, वनहक्कांची पूर्तता. ज्या गावाच्या हाती हक्क नाही त्याच्याशी झालेला करार टिकणार नाही. सामूहिक दावे निकाली काढून भरपाई वनीकरणाचा आणि रोजगार हमीचा पैसा ग्रामसभांच्या आराखड्यांकडे वळवावा. झाडे तोडली जातात एका तालुक्यात आणि लागवड दाखवली जाते भलतीकडे, हे त्यामुळे थांबेल.

चौथे, सडे आणि गवताळ माथ्यांना पडीक या सदरातून बाहेर काढणे. तिथे वृक्षलागवडीची उद्दिष्टे लादू नयेत.

पाचवे, सिंहस्थ. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकात मोठा खर्च होतो आहे, घाट, रस्ते, साधुग्राम. ज्या गोदावरीसाठी हा सोहळा आहे तिच्या उगमाचा डोंगर, त्यावरचे पाडे आणि पायथ्याचे झरे यांच्यासाठी त्या खर्चातला ठळक भाग राखून ठेवला, तर मेळा संपल्यावरही नदीला काही मिळेल.

निसर्गाला पैशात मोजू नये, असे मानणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. डोंगऱ्यादेवाच्या डोंगराची किंमत ठरत नाही, गोदावरीच्या उगमाचीही नाही. पण ज्याची किंमत मांडली नाही ते शून्य धरले जाते, हे गंगापूरच्या गाळाने दाखवले आहे, आणि त्या शून्याचा भार आजवर पाड्यांनी सोसला आहे. म्हणून आकडा हवा, तो डोंगर विकण्यासाठी नव्हे तर देणे ओळखण्यासाठी. नाशिकच्या पाणीपट्टीच्या बिलावर एक ओळ वाढवणे आणि ती रक्कम ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या ग्रामसभेपर्यंत पोहोचवणे, हे महापालिकेच्या एका ठरावाने सुरू होऊ शकते. तो ठराव करून घेणे हे नळाला पाणी येणाऱ्या प्रत्येक नाशिककराचे काम आहे.